चाळीस माणसे आणि एका दिवसाचे रेशन: वूल्टन पाय आणि बार्लीचे पेय पुन्हा घडवताना

8 मे 2025 रोजी युरोपातील दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीला 80 वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त इंग्लंडच्या मध्य भागातील आमच्या शहरात, घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयाने एक छोटा कार्यक्रम ठरवला आणि युद्धकाळातील घरगुती खाणे चाळीस लोकांना चाखायला देण्याची जबाबदारी आमच्या मराठी मंडळातील चौघींवर सोपवली. वाचनालयाची मागणी मोजक्या शब्दांत होती: एक वूल्टन पाय (‘पाय’ म्हणजे सारणावर पिठाचे आवरण घालून भट्टीत भाजलेला पदार्थ) आणि ‘त्या काळची दोन ताजीतवानी करणारी पेये’, म्हणजे लिंबाचे बार्ली पाणी आणि जिंजर बिअर. आमच्या हातात पाच आठवडे होते. या प्रकरणात आम्ही काय ठरवले, कुठे चुकलो आणि ती चूक कशी दुरुस्त केली, याची ही नोंद आहे. जुन्या काळाचे पदार्थ पुन्हा करू पाहणाऱ्यांना त्यातले हिशेब उपयोगी पडावेत, म्हणून आकडे जसेच्या तसे दिले आहेत.

वूल्टन पायविषयी आधी थोडे सांगायला हवे. एप्रिल 1940 मध्ये लॉर्ड वूल्टन ब्रिटनचे अन्नमंत्री झाले. मूळचे ते दुकानदारीच्या व्यवसायातले, त्यामुळे लोकांना एखादी गोष्ट कशी पटवावी हे त्यांना चांगले कळत होते. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी फ्रान्स्वा लात्री यांनी बसवलेल्या एका बिनमांसाच्या पायला त्यांचे नाव मिळाले आणि एप्रिल 1941 मध्ये त्याची कृती ‘द टाइम्स’मध्ये छापून आली. बटाटे, फ्लॉवर, गाजर आणि स्वीड (सलगमाच्या जातीचा पिवळसर, दाट गराचा कंद) प्रत्येकी एक पौंड, तीन-चार पातीचे कांदे, एक चमचा भाज्यांचा अर्क आणि एक मोठा चमचा ओटचे पीठ, एवढेच त्यात असते. सगळे बेताच्या पाण्यात दहा मिनिटे शिजवायचे, थंड झाल्यावर भांड्यात घालून वर पार्सली पेरायची, बटाट्याचे किंवा गव्हाच्या पिठाचे आवरण घालायचे आणि भट्टीत तांबूस होईपर्यंत भाजायचे.

ही कृती एप्रिल महिन्यात छापली गेली, याला मी महत्त्व देते. इंग्लंडच्या मळ्यांत एप्रिल-मे हा ओढाताणीचा काळ असतो. हिवाळी भाज्या संपत आलेल्या असतात आणि उन्हाळी भाज्या अजून आलेल्या नसतात. साठवणीतले कंद आणि वसंतातला फ्लॉवर एवढ्यावरच चूल चालवायची असते. आमचा कार्यक्रमही मे महिन्यातच होता, म्हणजे ऋतू आमच्या बाजूने होता.

पहिला प्रयोग

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात पहिला पाय केला. छापील कृती समोर ठेवून प्रामाणिकपणे केला, असे आम्हाला वाटत होते. भाज्या मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात टाकल्या, दहा मिनिटांनी पाहिले तर फ्लॉवरचा लगदा झालेला आणि स्वीड दाताला करकर लागत होते. ते शिजेपर्यंत आणखी बारा मिनिटे गेली. उरलेले पाणी आम्ही ओतून दिले. आवरणासाठी पांढरा मैदा घेतला आणि खुसखुशीत व्हावे म्हणून बटर सढळ हाताने घातले. पाय दिसायला सुरेख झाला. आतले सारण मात्र पाणचट आणि बेचव होते. मग एकीने मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी सुचवली, आणि आम्ही ती घातलीही. चव सुधारली, पण समोर तयार झालेला पदार्थ 1941 सालचा राहिला नाही.

शेजारी 91 वर्षांच्या एक आजी राहतात. युद्ध संपले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. मी त्यांना एक तुकडा नेऊन दिला. त्यांनी आवरण बोटाने मोडून पाहिले आणि शांतपणे विचारले, “एवढे बटर कुणाच्या आठवड्याचे?”

या एका प्रश्नाने सगळे काम बदलले. आम्ही कृती पुन्हा घडवत होतो, टंचाई मात्र वगळली होती. युद्धकाळातली पाककृती टंचाईतच जन्मते. कपाट भरलेले असताना केलेला वूल्टन पाय हा फक्त भाज्यांचा एक नीरस पाय असतो. कपाटात काय आहे आणि ते आठवड्याच्या शेवटापर्यंत कसे पुरवायचे, हे ठरल्यावरच त्यातली प्रत्येक सूचना अर्थपूर्ण होते. म्हणून भांडी बाजूला ठेवून आम्ही आधी वही काढली.

वहीतला हिशेब

ब्रिटनमध्ये रेशनिंग 8 जानेवारी 1940 रोजी बेकन, बटर आणि साखर यांपासून सुरू झाले. प्रमाणे अधूनमधून बदलत गेली, पण एका प्रौढ माणसाचा आठवड्याचा ढोबळ वाटा असा धरता येतो: बटर 2 औंस, मार्गारीन (बटरऐवजी वापरायचा स्वस्त स्निग्ध पदार्थ) 4 औंस, स्वयंपाकाची चरबी 2 औंस, साखर 8 औंस, चहा 2 औंस, चीज साधारण 2 औंस आणि एक ताजे अंडे. 1942 पासून अमेरिकेतून आलेली अंड्याची पूडही मिळू लागली. तिचे एक पाकीट बारा अंड्यांबरोबर मानले जाई. मांस वजनाने मिळत नसे, किमतीने मिळे. बटाटे आणि इतर भाज्या रेशनवर नव्हत्या, आणि म्हणूनच सरकारचा सगळा प्रचार त्यांच्याभोवती फिरत होता. मराठी वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल: शाकाहारी म्हणून नोंद केलेल्या माणसाला मांसाचा हक्क सोडून त्याबदली जास्त चीज घेता येत असे.

बटर, मार्गारीन आणि चरबी मिळून आठवड्याला 8 औंस, म्हणजे 227 ग्रॅम स्निग्धांश होतो. आठवड्याची 21 जेवणे धरली तर एका जेवणाच्या वाट्याला जेमतेम 11 ग्रॅम येतात. चाळीस माणसांसाठी ते सुमारे 430 ग्रॅम झाले. आमच्या पहिल्या पायमध्ये सहा जणांसाठीच 200 ग्रॅम बटर गेले होते.

साखरेचा हिशेब त्याहून कठीण होता. 227 ग्रॅम आठवड्याचे, म्हणजे दिवसाचे 32 ग्रॅम. त्यातूनच चहा, मुरंबा आणि एखादा गोड पदार्थ भागवायचा. पेयासाठी आम्ही दिवसाच्या साखरेचा एक तृतीयांश भाग मंजूर केला, म्हणजे माणशी 11 ग्रॅम आणि सगळ्यांची मिळून 440 ग्रॅम. आजच्या बाजारातल्या गोड पेयाच्या 200 मिलिलिटरच्या पेल्यात सहज 20 ग्रॅम साखर असते. तिच्या जवळपास निम्म्या साखरेत आम्हाला ‘ताजेतवाने’ करणारे पेय बसवायचे होते.

दुसऱ्या प्रयोगापासून आम्ही एक नियम घालून घेतला: दोन डबे भरायचे, एकात 430 ग्रॅम मार्गारीन आणि दुसऱ्यात 440 ग्रॅम साखर, आणि डबा रिकामा झाला की तो पदार्थ संपला. पूर्वी घरोघरी महिन्याचे रॉकेल आणि साखर अशीच डब्याच्या तळाकडे पाहत पुरवली जात होती, त्यामुळे नियम समजावून सांगायला कुणालाही वेळ लागला नाही.

पीठ

1942 च्या वसंतात ब्रिटनमध्ये पांढऱ्या पावाची विक्री थांबली आणि ‘नॅशनल लोफ’ नावाचा पाव आला. गव्हाचे 85 टक्के वजन पिठात राहील अशा बेताने त्याचे पीठ दळले जाई. गहू जहाजाने येत होता, जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या, आणि तेवढ्याच गव्हात जास्त पीठ काढले की जहाजातली जागा वाचत होती. अशा पिठातले फायटेट (कोंड्यातला एक घटक) कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणते, हे रॉबर्ट मॅकान्स आणि एल्सी विडोसन या शास्त्रज्ञांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग करून दाखवून दिले होते. त्यामुळे पिठात कॅल्शियम मिसळण्याचाही निर्णय झाला.

हे पीठ आज दुकानात मिळत नाही, पण चाळणी हातात असलेल्या मराठी बाईला ते अवघड नाही. अख्ख्या गव्हाचे एक किलो पीठ घेऊन रोजच्या चाळणीने चाळले तेव्हा 90 ग्रॅम कोंडा वर राहिला. मग मैद्याच्या बारीक चाळणीने तेच पीठ सावकाश चाळून आणखी 60 ग्रॅम काढला. उरलेले 850 ग्रॅम पीठ म्हणजे वजनाने अगदी 85 टक्के. त्याचा रंग राखाडीकडे झुकणारा, मळकट तपकिरी होता. व्हिडिओ कॉलवर आईला परात दाखवली, तर ती म्हणाली, “अगं, हा तर आपल्या रेशनच्या गव्हाचा रंग!” साठच्या दशकात अमेरिकेतून आलेल्या लाल गव्हाच्या पोळ्या तिने लहानपणी खाल्ल्या आहेत. तिची ती ओळख आमच्यासाठी कोणत्याही पुस्तकापेक्षा भरवशाची होती.

चाळीस माणसांसाठी मूळ कृती सातपट करावी लागली. आवरणाला 1.6 किलो चाळलेले पीठ, 800 ग्रॅम उकडून कुस्करलेले बटाटे, 400 ग्रॅम मार्गारीन आणि थोडी बेकिंग पावडर असे प्रमाण बसले. डब्यातले उरलेले 30 ग्रॅम मार्गारीन भांड्यांना पुसण्यापुरते झाले. बटाट्याने पीठ मऊ राहते आणि चरबी कमी लागते; मात्र ते गरम असतानाच मळावे लागते आणि जाडसर लाटावे लागते, नाहीतर चिरते. युद्धकाळातल्या मार्गारीनमध्ये व्हेलचे तेलही असे. आमच्याकडे निम्मे लोक शाकाहारी असणार होते, म्हणून आम्ही वनस्पती तेलाचे मार्गारीन घेतले आणि ही तडजोड टेबलावरच्या फलकावर लिहून ठेवली.

सारणातली चूक पाण्याची होती. कृतीत ‘बेताचे पाणी’ आणि ‘लागू नये म्हणून मधूनमधून हलवा’ असे म्हटले आहे. याचा अर्थ पाणी आटत आले पाहिजे आणि ओटच्या पिठाने ते दाट होऊन भाज्यांना धरून राहिले पाहिजे. आम्ही स्वीडच्या फोडी एक सेंटिमीटरच्या केल्या, बटाटे आणि गाजर त्याहून थोडे मोठे ठेवले आणि फ्लॉवरचे तुरे सर्वांत मोठे. एवढ्या बदलाने सगळे एकत्र दहा-बारा मिनिटांत शिजले आणि पाणी ओतून देण्याचा प्रश्नच उरला नाही. वरून घ्यायच्या तपकिरी रश्श्यासाठी कणीक कढईत कोरडीच, खमंग वास येईपर्यंत भाजली आणि स्वीडच्या साली उकळलेल्या पाण्यात यीस्टच्या अर्कासोबत कालवली. त्यात चरबीचा एक थेंबही लागला नाही. मिरी आणि पार्सली यांपलीकडे मसाला घातला नाही. फोडणी नाकारताना मला वाईट वाटले, कारण ती सुचवणारी मैत्रीण आमच्यातली सर्वांत उत्तम स्वयंपाक करते, पण तिनेही तिसऱ्या प्रयोगात सारण चाखून फोडणीचा आग्रह सोडला.

लिंबाशिवाय आंबट

पेयांच्या बाबतीत मूळ मागणीच चुकीची होती, हे सांगणे आम्हाला भाग पडले. लिंबे भूमध्य समुद्राकडून येत आणि युद्धात ती ब्रिटनच्या बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. सर्वसामान्य घरात 1945 च्या मे महिन्यात लिंबाचे बार्ली पाणी होणे अवघडच होते. जिंजर बिअरला आले आणि भरपूर साखर लागते. आले समुद्रापलीकडून येणार आणि तेवढी साखर आमच्या डब्यात नव्हती. एका स्वयंसेवकाने भारतातून गोळी सोड्याच्या बाटल्या मागवून ‘जुना थाट’ करावा असे सुचवले. हायरम कॉड या इंग्रज माणसाने 1872 मध्ये पेटंट घेतलेली ती बाटली आपल्याकडे टिकली, हे खरेच आनंदाचे आहे, पण इथे ती चुकीची ठरली असती. 1943 ते 1948 या काळात ब्रिटनमधल्या शीतपेय कारखान्यांना एकत्र आणून त्यांची व्यापारी नावेच काढून टाकली होती. पेये सरकारी देखरेखीखाली, साध्या वर्णनाच्या लेबलांनी विकली जात. त्या काळच्या बाटलीला थाट नव्हता, आणि तो नसणे हेच दाखवण्यासारखे होते.

मग त्या काळी लोक काय पीत होते? गाजर आणि स्वीडचा रस एकत्र करून ‘कॅरोलेड’ नावाचे पेय केले जाई. आम्ही ते किसून, फडक्यातून पिळून करून पाहिले. पहिल्या घोटाला बरे वाटले, दुसऱ्या घोटाला मातीचा वास आला, आणि ते अर्ध्या तासात काळवंडू लागले. टेबलावर आम्ही ते एका छोट्या भांड्यात फक्त चाखण्यापुरते ठेवले.

खरे उत्तर आजींच्या परसात होते. तिथे रुबार्ब वाढते: जाड, लालसर देठांची, कमालीची आंबट वनस्पती. मे महिन्यात ती ऐन भरात असते, परसात वाढत असल्यामुळे तिला कुपन लागत नव्हते, आणि ती लिंबाची जागा घेऊ शकते. मात्र देठच वापरायचे, पाने कधीही नाही. पानांत ऑक्झॅलिक आम्ल असते. पहिल्या महायुद्धात ती भाजी म्हणून खाण्याचा चुकीचा सल्ला दिला गेला आणि लोकांना विषबाधा झाली. आम्ही कापलेली पाने स्वयंपाकघरात येऊच दिली नाहीत.

आठ लिटरसाठी 400 ग्रॅम पॉलिश केलेली बार्ली धुऊन भरपूर पाण्यात पाऊण तास उकळली. अडीच किलो रुबार्बचे बारीक तुकडे मातीच्या मोठ्या भांड्यात ठेवून त्यावर ते उकळते बार्ली पाणी गाळून ओतले आणि झाकून रात्रभर ठेवले. सकाळी मलमलच्या फडक्यातून, न पिळता, गाळले; पिळले की पाणी गढूळ होते. त्यात डब्यातली 440 ग्रॅम साखर आणि दोन चिमूट मीठ घालून पाण्याने आठ लिटर केले. रंग फिकट गुलाबी, खाली पांढुरकी झाक. मीठ घालणे ही आमची भर होती, आणि पन्हे पिऊन वाढलेल्या माणसाला ती सुचणारच. कमी साखरेत आंबटपणाला धार येते आणि तोंड कोरडे पडत नाही. शिजलेली बार्ली फेकली नाही, ती पायच्या सारणात मिसळली.

बर्फ वापरायचा नाही, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. तेव्हाच्या बहुतेक ब्रिटिश घरांत फ्रिज नव्हता. पेये थंड कपाटात किंवा ओल्या फडक्यात ठेवली जात. आम्ही बरण्या ओल्या फडक्यांत गुंडाळून उत्तरेकडच्या खिडकीत ठेवल्या. वाढताना तापमान 14 अंश होते. बर्फासारखे थंड नसलेले हे पेय आंबट असल्यामुळेच तरतरी देते, हे अनेकांनी आपणहून बोलून दाखवले.

टेबलावरचे एक कार्ड

मंडळातल्या एका काकांनी विचारले, “त्याच वेळी आपल्याकडे काय होते?” हा प्रश्न टाळणे योग्य नव्हते. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिथला तांदूळ यायचा थांबला. मुंबईत मे 1943 मध्ये रेशनिंग सुरू झाले. तांदळाच्या टंचाईत बंगळूरच्या एमटीआर या उपाहारगृहाने रव्याची इडली केली, असे सांगितले जाते. आज ती आपण आवडीने खातो. आणि त्याच 1943 मध्ये बंगालमध्ये दुष्काळात आणि त्यामागोमागच्या रोगराईत लाखो माणसे गेली. अंदाज 20 ते 30 लाखांपर्यंत जातात. ब्रिटनमधल्या रेशनने सर्वांच्या पानात काहीतरी पडेल याची व्यवस्था केली. त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला ती व्यवस्था झाली नाही. हे चार ओळींत लिहिलेले कार्ड आम्ही पायशेजारी ठेवले. वाचनालयाने एकही शब्द न बदलता ते मान्य केले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कार्यक्रमाच्या दिवशी

चाळीसऐवजी सेहेचाळीस लोक आले. तुकडे लहान केले. चहा ‘माणशी एक चमचा आणि किटलीसाठी एकही नाही’ या अन्नमंत्रालयाच्या त्या काळच्या सूचनेनुसार केला. तो सर्वांनाच पाणचट वाटला. पाय संपूर्ण संपला. रुबार्बचे बार्ली पाणी सर्वांत आधी संपले आणि लहान मुलांनी ते दुसऱ्यांदा मागितले, याची आम्ही अपेक्षा केली नव्हती.

आजी शेवटी आल्या. त्यांनी पायचा पूर्ण तुकडा खाल्ला, रस्सा पावाने पुसून घेतला. मी चवीबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “आवडीने कुणी खात नव्हते. पण ताटात कुणी टाकतही नव्हते.” मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही नंतर पडताळून फलकावर घातली: विजयाच्या दिवसानंतर तीन आठवड्यांच्या आतच, 27 मे 1945 रोजी, स्वयंपाकाच्या चरबीचे रेशन 2 औंसांवरून 1 औंसावर आणले गेले. पावावर, जो संपूर्ण युद्धात मोकळा होता, जुलै 1946 मध्ये रेशन आले. शेवटचे रेशन, मांसाचे, 4 जुलै 1954 रोजी उठले. आमच्या वहीतले 430 ग्रॅम त्या महिन्याच्या अखेरीस 380 च्या आत आले असते, आणि मग पायच्या साधारण आठव्या भागावर आवरण पुरले नसते.

सप्टेंबरमध्ये वाचनालयाने शाळकरी मुलांसाठी दुसरा कार्यक्रम मागितला आणि आम्ही रानगुलाबाच्या फळांचे सरबत करायचे ठरवले. 1941 पासून संत्र्यांच्या अभावी मुलांना क जीवनसत्त्व मिळावे म्हणून देशभर ही फळे कुंपणांवरून गोळा केली जात होती. अन्नमंत्रालयाच्या 1943 च्या कृतीत 2 पौंड फळांचा रस आटवून दीड पाइंट करायचा आणि त्यात सव्वा पौंड साखर घालायची, असे सांगितले आहे. फळांच्या आत बारीक केस असतात, ते घशाला खाजवतात, म्हणून फडक्यातून दोनदा गाळावे लागते. मुलांनी हे काम फार मन लावून केले. पण साखरेचा डबा भरताना आम्ही थांबलो. सव्वा पौंड म्हणजे 567 ग्रॅम, अडीच माणसांचे आठवड्याचे रेशन, एका बाटलीत. हे सरबत पेल्याने प्यायचे नव्हतेच. कारखान्यात तयार होऊन ते बाटल्यांतून मुलांपर्यंत पोहोचत होते आणि चमच्याने दिले जात होते. आम्हीही एकच बाटली केली आणि रांगेतल्या प्रत्येक मुलाला एक-एक चमचा दिला.